मुंग्या थांबल्या म्हणून खुश होऊ नको

नागपूर
२८ मे

प्रिय मोहन,

परवा तुझा मेसेज आला, "पायातल्या मुंग्या आपोआप थांबल्या, आता काहीच त्रास नाही." वाचल्या वाचल्या फोन लावणार होतो. पण फोनवर तू नुसतं हो-हो म्हणशील आणि दोन मिनिटांत विषय आपल्या जुन्या पानठेल्यावर नेशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. नवतपा सुरू आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, कूलरमध्ये दोनदा पाणी भरून झालं. पत्र लांबेल. शेवटपर्यंत वाच.

बाबांनाही तुझ्यासारखाच मधुमेह होता, पण त्यांच्या पायाचं तुला अर्धंच माहीत आहे. त्या वर्षी तू मुंबईकडे होतास, मी फोनवर "जखम झाली होती, चिघळली" एवढंच सांगितलं होतं. खरं असं झालं. मे महिन्यातली दुपार, बाबा नेहमीप्रमाणे देवळात गेले. चपला बाहेर काढल्या, तापलेल्या फरशीवरून एक प्रदक्षिणा घातली, घरी आले, वरणभात जेवले आणि झोपले. संध्याकाळी आईला चादरीवर ओला डाग दिसला. उजव्या तळव्यावर पुरीएवढा फोड येऊन फुटला होता. बाबा म्हणाले, "मला तर काहीच कळलं नाही." आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे मलमपट्टी करून परत पाठवलं. पायाला स्पर्श कळतो का, हे कोणी तपासलं नाही. मीही तपासलं नाही. वीस वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना चेतासंस्था शिकवत होतो, फळ्यावर आकृत्या काढत होतो, पण माझ्याच वडिलांचा तळवा कधी उलटा करून पाहिला नाही. सहा आठवड्यांनी दोन बोटं काढावी लागली.

त्याआधी दोन वर्षं बाबांच्याही पायाला मुंग्या यायच्या. रात्री पाय चोळत बसायचे. मग त्या थांबल्या आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं. आता कळलं ना, तुझा मेसेज वाचून माझा जीव का घाबरला?

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे बघ. रक्त वाहते तीही नस आणि संवेदना वाहते तीही नस. "नस दबली", "नसेवर नस चढली", "नस कापली", सगळं एकाच शब्दात. मी बोलतोय ते दुसऱ्या नसेबद्दल, पुस्तकात जिला चेता म्हणतात. मेंदू आणि मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी चेतांची दोरी, हाडांच्या पेटीत सुरक्षित बसलेत. त्यांच्यापासून निघून कातडी, स्नायू, आतडी, हृदय इथपर्यंत जे जाळं पसरलंय, ती परिघीय चेतासंस्था. तिला कवटी नाही की मणक्यांची भिंत नाही. मेंदूकडून चेतांच्या १२ जोड्या निघतात, मेरुरज्जूकडून ३१: मानेच्या ८, छातीच्या १२, कंबरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. ही बेरीज पोरांकडून मी घोकून घेतो. पण तुझ्या कामाची गोष्ट तिच्या पुढची आहे.

मेरुरज्जूजवळ प्रत्येक चेतेला दोन मुळं असतात. पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो, स्नायू हलतो. मागच्या मुळातून बातमी आत येते: गरम, गार, टोचलं, दुखलं. या मागच्या मुळावर एक बारीक गाठ असते आणि बातमी आणणाऱ्या पेशी त्या गाठीत बसलेल्या असतात. पेशीचं अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. पण तिचा एक तंतू कंबरेपासून निघतो, मांडीमागच्या जाडजूड सायटिक नसेतून खाली उतरतो आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो. मध्ये कुठेही सांधा नाही. तुझ्यासारख्या सहा फुटी माणसात तो मीटरभर लांब असतो. एवढ्याशा पेशीला एवढा लांब तंतू जगवायचा असतो. त्याला लागणारी प्रथिनं वर, गाठीतच तयार होतात आणि तंतूच्या आतून खाली वाहून न्यावी लागतात. सगळ्यात वेगवान मालसुद्धा दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर सरकतो. म्हणजे अंगठ्यापर्यंत रसद पोचायला तीन ते पाच दिवस.

तुझ्या मामांची शेती पेंचच्या कालव्यावर होती ना? पाणी कमी सुटलं की पहिल्यांदा कोणाचं शेत वाळायचं? कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या टेलवाल्याचं. इथेही तेच होतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पेशीचा आतला कारभार बिघडतो आणि या चेतांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. मग सर्वांत लांब तंतू टोकाकडून मरायला लागतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, मोजा चढवावा तशी बधिरता वर सरकते आणि ती गुडघ्याजवळ आली की हातांच्या बोटांची टोकं सुरू होतात. आजारी तंतू कारण नसताना आपणहून बातम्या पाठवत राहतो. त्या मुंग्या, ती जळजळ, ते रात्रीचं टोचणं. तंतू मेला की त्याही येत नाहीत.

साखर आटोक्यात आल्यानेही मुंग्या कमी होऊ शकतात, हे मी नाकारत नाही. पण जानेवारीत तूच मला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सांगितला होतास, ९.२, म्हणजे चांगलाच वाढलेला. त्यानंतर तू गोळ्यांत, खाण्यात काही बदललं असं मला तरी सांगितलं नाहीस.

इतवारीतली ती सावजी खानावळ आठवते? पहिल्या घासाला तुझ्या कपाळावरून घाम ओघळायचा आणि तू तरी रस्सा ओरपत राहायचास. तिखटाची ती आग म्हणजे चव नव्हेच. जिभेवरच्या वेदना-तंतूंच्या टोकाला एक दार असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. मिरचीतलं कॅप्सेसिन ते उघडतं, आणि साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णताही तेच दार उघडते. म्हणून भिवापुरी मिरची आणि उकळता चहा मेंदूला एकाच भाषेत कळतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे दार शोधलं, ते मिरचीचाच माग काढून. २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं. हे वर्गात शिकवतो तेव्हा मला दर वेळी बाबांची ती फरशी दिसते. नागपूरच्या मे महिन्यातली दुपारची फरशी ४३ च्या किती वर असेल! असंच दार तळव्यातल्या तंतूंनाही असतं. बाबांच्या तळव्यात ते दार असलेले तंतूच उरले नव्हते.

तुझ्यासाठी एक सोपी खूण सांगतो. उंबरठ्याला अंगठा ठेचला की आधी एक लख्ख कळ येते, मग क्षणभराने खोल ठणका सुरू होतो. कळ आणणाऱ्या तंतूवर श्वान पेशींचं (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही) पातळ वेष्टण असतं, ती सेकंदाला ५ ते ३० मीटर धावते. ठणका आणणाऱ्या तंतूला वेष्टण नसतं. तो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच चालतो, म्हणून पायापासून वर यायला त्याला वेळ लागतो. शेवटचं कधी ठेचलं होतं तुला? आणि त्यानंतर हे दोन्ही आले होते का? नीट आठवून बघ.

बारावीच्या सुट्टीत आपण वरोऱ्याला आनंदवनात गेलो होतो. आखडलेल्या बोटांनी हातमाग चालवणारी माणसं बघून तू परतीच्या एसटीत एक शब्द बोलला नव्हतास. तेव्हा आपल्याला वाटायचं, कुष्ठरोगात बोटं झडतात. रोग बोटं झडवत नाही. हॅन्सेननी १८७३ मध्ये शोधलेला तो जंतू चेतांभोवतीच्या श्वान पेशींत घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली नस त्या रोगात दोरीसारखी जाड हाताला लागते. ती मेली की हाताला चटका कळत नाही, काटा कळत नाही. रोजच्या कामातल्या न कळलेल्या जखमांनी बोटं आखूड होत जातात. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाच्या सर्जननी हे वर्षानुवर्षं रुग्णांचे हात बघून दाखवून दिलं. कारण वेगळं, पण तुझ्या पायाला धोका त्याच वाटेने येतो, मोहन. जखम बाहेरून येते आणि तिची खबर मात्र येत नाही.

आणखी एक शाखा आहे जिच्याकडे कोणी बघत नाही: स्वायत्त चेता. घाम, रक्तदाब, पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके, हे सगळं ती आपल्याला न विचारता सांभाळते. तुझ्या टाचांना भेगा पडतात म्हणून तू मागे व्हॅसलीन लावत होतास. तळव्यांचा घाम आणणारे तंतू सुकले की कातडी कोरडी पडते आणि चिरते. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? डॉक्टरांना हे आवर्जून सांग. आणि हृदयाकडच्या चेता बिघडल्या तर हार्ट अटॅकसुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो. तुला भीती घालायला लिहीत नाही रे. पण तू "दुखत नाही ना, मग झालं" म्हणणारा माणूस आहेस, म्हणून लिहावं लागलं.

आता काय करायचं ते. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि चपला-मोजे काढून टेबलावर बस. नायलॉनचा एक धागा असतो, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. डोळे मिटून तळव्याला तो कुठे कुठे कळतो ते बघतात. १२८ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला नादकाटा, अंगठ्याच्या हाडावर टेकवून थरथर कळते का तेही बघतात. सगळं पाच मिनिटांचं काम. बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी मागून घे. तू साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतोस, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात तू शाकाहारी झालास, आणि त्या कमतरतेनेही अशीच बधिरता येते. ते निघालं तर त्यावर सरळ उपाय आहे.

चेता अगदीच हट्टी नसतात, हेही सांगतो. कापलेली परिघीय चेता, तिची वाट शिल्लक असेल तर, दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढते. मेंदू-मेरुरज्जूतल्या तंतूंना ते सहसा जमत नाही. साखरेने मेलेले तंतू तसे परत येतील असं वचन कोणी देत नाही, पण उरलेत ते टिकवणं साखर आटोक्यात ठेवली तर पुष्कळसं आपल्या हातात असतं. बाबांचा डावा पाय आम्ही नंतरची आठ वर्षं सांभाळला. आई रोज रात्री जेवणं झाली की त्यांचा तळवा मांडीवर घेऊन बघायची. त्या पायाला शेवटपर्यंत साधी चीरही पडली नाही.

घरातसुद्धा अनवाणी चालू नको. देवळात मोजे घालून जा, देव काही म्हणत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरव, खडा असतो, खिळा असतो. शेकायची पिशवी पायाला लावू नको. गरम पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घे. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघ किंवा वहिनींना सांग. वहिनींना हे पत्र वाचायला दे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला येतोय, तिकीट काढलंय. दोन दिवस राहीन. तोवर धाग्याची तपासणी झालेली असली पाहिजे. आणि आजच, हे वाचून झाल्यावर, उजेडात बसून दोन्ही तळव्यांचे फोटो काढ आणि मला पाठव. बोटांच्या मधल्या बेचक्यांचे पण.

तुझा,
विलास