राहिलेले ७८ किलोमीटर

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की टेबलाभोवती बसून लढाया मिटत नसतात, नुसते फोटो निघतात. मागून आई म्हणाली, "सही झाली तरी गेलेली पोरं थोडीच परत येतात?" दोघांनाही फोनवर घाईत उत्तर देणं मला जमलं नसतं. म्हणून एका मिटलेल्या भांडणाबद्दल सविस्तर लिहिते आहे. पेरू आणि इक्वेडोर यांचं.

१९४१ साली त्यांचं युद्ध झालं आणि २९ जानेवारी १९४२ ला रिओ दि जानेरोला तह झाला. अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश त्याचे हमीदार. बहुतेक सीमा आखून झाली. कोंडोर डोंगररांगेतले ७८ किलोमीटर तेवढे राहिले आणि पुढची सगळी रड त्यांचीच.

ते का राहिले? तहात लिहिलं होतं की सामोरा आणि सांतियागो या नद्यांमधल्या पाणलोटाच्या धारेवरून सीमा जाईल. आपला घाटमाथा डोळ्यांसमोर आणा. अलीकडचा पाऊस देशावर वाहतो, पलीकडचा कोकणात उतरतो, मधली धार ती सीमा. पण १९४७ मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे झाले, तेव्हा दिसलं की या दोन नद्यांच्या मधोमध सेनेपा नावाची तिसरी नदी आहे आणि ती समजत होते त्याहून पुष्कळ लांब आहे. म्हणजे धारा दोन, आणि तहात उल्लेख एकीचाच! ब्राझीलचे नौदल अधिकारी ब्रास दियास दे अगियार यांनी १९४५ मध्ये या सीमेचा निवाडा दिला होता, पण तेव्हा हे नकाशे हाती नव्हते. १९६० मध्ये इक्वेडोरचे अध्यक्ष वेलास्को इबार्रा यांनी अख्खा तहच रद्दबातल ठरवला. पेरू म्हणे, तह आहे, वाद कसला? इक्वेडोर म्हणे, वाद आहे, तह कसला? अशा वेळी बोलायचं तरी कशावर? १९८१ मध्ये गोळीबार झाला, आणि २६ जानेवारी १९९५ पासून सेनेपाच्या खोऱ्यात उघड लढाई.

कोंडी फुटली ती दोघांनी आपापला एकेक हट्ट सोडला म्हणून. इक्वेडोरचे अध्यक्ष सिक्स्तो दुरान बायेन यांनी रिओचा तह धरून बोलायची तयारी दाखवली, त्यामुळे हमीदारांना मध्ये पडायला आधार मिळाला. पेरूनेही मतभेद आहेत हे मान्य केलं. १७ फेब्रुवारी १९९५ ला ब्राझिलियात लढाई थांबवण्याच्या इतामाराती जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. बाबा, तुमचा मुद्दा इथे अर्धा खरा ठरतो, कारण सह्यांनंतरही तोफा चालूच होत्या. २८ फेब्रुवारीला मोंतेव्हिदेओला दुसरा कागद करावा लागला. सही होते राजधानीत. जंगलात मात्र चौक्या एकमेकींत इतक्या घुसलेल्या होत्या की आधी मागे कोणी व्हायचं, कुठून आणि कुठपर्यंत, हे नावानिशी ठरल्याशिवाय कोणी हलत नाही. ते इतामारातीच्या कागदात होतं म्हणून पुढे निभावलं: इक्वेडोरचं सैन्य कोआंगोसला जमायचं, पेरूचं पीव्ही-१ चौकीवर, आणि दोघांनी एकाच वेळी निघायचं.

मार्चमध्ये निरीक्षक पोचले. चारही हमीदार देशांचे अधिकारी, वर ब्राझीलचा जनरल, खर्च भांडणाऱ्या दोघांनी वाटून घ्यायचा. ही खर्चाची अट मला फार शहाणपणाची वाटते. दुसऱ्याच्या पैशावर पहारा असला की तो वर्षानुवर्षं चालू ठेवायला कोणाची हरकत नसते. रस्ते नाहीत, त्यामुळे सगळी मदार हेलिकॉप्टरवर, आणि पायाखाली दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग. १ ऑगस्ट १९९५ पासून ५२८ चौरस किलोमीटरचा पट्टा बिनसैन्याचा झाला.

बाबा, ताश्कंदलाही इथपर्यंत सगळं झालं होतं. १० जानेवारी १९६६ चा करार, २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही सैन्यं ५ ऑगस्ट १९६५ च्या जागी परत. सैन्यं परत गेली, पण भांडणाचं मूळ तसंच राहिलं. आणि रेघ अर्धवट सोडली की काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको: १९४९ च्या कराची करारात रेघ एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबवून पुढे नुसतं 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' असं लिहिलं, आणि १९८४ पासून आपली मुलं सियाचेनवर उभी आहेत.

पेरू-इक्वेडोरनी पुढचं काम सोडलं नाही. मार्च १९९६ मध्ये दोघांनी आपापल्या तक्रारींच्या याद्या दिल्या. यादी झाली की रोज नवी मागणी काढता येत नाही. ऑक्टोबरात चिलीच्या सांतियागो शहरात ठरलं की बोलणी मध्येच थांबवायची नाहीत, आणि दोघांचं जमलं नाही तर हमीदार तोडगा सुचवतील. १९९८ च्या सुरुवातीला कामं चार गटांत वाटली: व्यापार आणि नद्यांतली वाहतूक, सीमाभागाचा विकास, परस्पर विश्वास, आणि सीमेची आखणी. सगळ्यात अवघड गाठ म्हणजे आखणी. पण बाकीच्या तिघांत हाती काही लागत होतं, त्यामुळे उठून जाणं दोघांनाही महागात पडलं असतं.

तरी ऑगस्टमध्ये सैनिक पुन्हा समोरासमोर आले. इक्वेडोरमध्ये तेव्हा हामिल माउआद नुकतेच अध्यक्ष झाले होते. त्यांनी आणि पेरूचे अध्यक्ष फुजिमोरी यांनी शेवटची रेघ हमीदारांवर सोपवली. पण हमीदारांनी आधी अट घातली: दोन्ही संसदांनी निकाल बघण्याआधीच तो बंधनकारक मानायचा. निकाल आधी आणि मतदान नंतर असतं, तर दोन्हीकडे त्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या. संसदांनी मान्यता दिली, निकाल आला आणि २६ ऑक्टोबर १९९८ ला ब्राझिलियात सह्या झाल्या. हे सगळ्यांना रुचलं असं नाही. पेरूच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामा दिला, पेरूतल्याच इकितोस शहरात दंगल झाली.

रेघ पेरू म्हणत होता तशी, कोंडोरच्या माथ्यावरून गेली. दोन्ही बाजूंना संरक्षित वनं झाली, तिथल्या आदिवासींना इकडून तिकडे जायची मोकळीक राहिली. इक्वेडोरला ॲमेझॉनमध्ये वाहतुकीचा हक्क आणि व्यापारासाठी दोन जागा मिळाल्या. सुरुंग काढत काढत शेवटचा सीमास्तंभ मे १९९९ मध्ये बसला.

आता आई, तुझं. तिविन्सा नावाच्या चौकीवर इक्वेडोरची मुलं लढली आणि तिथेच पुरली गेली. नव्या रेघेने ती जागा पेरूत गेली. मग पेरूने तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोरला खाजगी मालकीने दिली. सातबारा एकाचा आणि राज्य दुसऱ्याचं, असं म्हण. कायदा पेरूचा चालतो, इक्वेडोरला ती विकता येत नाही, तिथे फौज किंवा पोलीस ठेवता येत नाहीत. नेमकी जागा कुठली यावरही वाद होता, दोघांचे अक्षांश-रेखांश वेगळे. शेवटी इक्वेडोरने निरीक्षकांना दिलेला बिंदू मध्यभागी धरला. आणि इक्वेडोरच्या माणसांना तिथे पोचता यावं म्हणून करारात एक वाट लिहून दिली आहे, जास्तीत जास्त पाच मीटर रुंद.

तुमची लेक