बापाचे पाप लेकराच्या माथी?

‘पूर्वजांच्या पापाची शिक्षा देव वंशजांना देतो’ असे मांडणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात बायबलच्या निर्गम ग्रंथातील २० व्या अध्यायाचा आधार घेतला आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शिक्षा देण्याचा उल्लेख तेथे आहे, हे खरेच. पण त्याच बायबलात यहेज्केल संदेष्टा १८ व्या अध्यायात नेमके उलट बजावतो: पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, ही म्हणच त्याने मोडीत काढली. (लेखकाला ती आठवली नसावी.) दारुड्या बापाचे कर्ज मुलांच्या वाट्याला येते, तो त्याच्या वागण्याचा परिणाम, त्याला ईश्वरी न्याय म्हणणे त्या निरपराध मुलांवर अन्याय आहे.

– एक वाचक