ती पुस्तकं कुलुपात कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचण्यासारख्या चरित्र-आत्मचरित्रांची लिस्ट आली होती, ती मी कापून ठेवलीये. लिस्ट चांगलीच आहे, त्यातली निम्मी तरी पुस्तकं माझी वाचून झालीत. पण राजे, पुढारी, शास्त्रज्ञ, नट, क्रिकेटवाले सगळे आले आणि गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर अशा एकाही माणसाची कहाणी त्यात नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

रिटायर झाल्यापासून मी आमच्या गावातल्या लायब्ररीत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. तिथे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आहे, लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं आत्मकथन, वैशाली रोडेंनी शब्दांकन केलेलं, २०१२ चं. पण ते आत्मचरित्रांच्या कपाटात नव्हतंच, काउंटरमागच्या कुलुपाच्या कपाटात होतं, गुप्तरोग आणि कुटुंबनियोजनाच्या पुस्तकांशेजारी. ज्याला हवं त्याने नाव घेऊन मागायचं. आता ज्या मुलाला ते सगळ्यात जास्त हवंय तो चार ओळखीच्या माणसांसमोर ते नाव घेईल का? मागच्या पावसाळ्यात मी ते बाहेर टेबलावर ठेवलं तर कॉलेजातला एक मुलगा उभ्याउभ्याच पाऊण तास वाचत राहिला, मी म्हटलं अरे घरी ने की, तर म्हणाला नको काकू, रजिस्टरमध्ये नाव येतं ना. पुस्तक जागेवर ठेवलं आणि गेला. ते काही माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे आत्मकथनं कुणी लिहिली ते जरा आठवून बघा. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ ला आला, नवरा ख्रिस्ती झाल्यावर बाईच्या जिवाची झालेली ओढाताण त्यात इतकी साधी सांगितलीये की आजही घरातली मोठी बाई बोलतेय असं वाटतं. १९७८ ला 'बलुतं' आलं तेव्हा आपली लाज चव्हाट्यावर कशाला मांडता असं दया पवारांना म्हणणारे त्यांच्याच दलित समाजात निघाले. मग लक्ष्मण मानेंचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', उर्मिला पवारांचं 'आयदान'. आणि आमच्या शेजारच्या फलटणच्या बेबीताई कांबळे! दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून कागद दडवून ठेवायच्या, अशी कितीतरी वर्षं. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन बाईंनी आग्रह धरला म्हणून ते लिखाण बाहेर आलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. लपवून लिहिणं, लपवून जगणं काय असतं हे ज्यांनी बेबीताईंकडून वाचलंय त्यांना लक्ष्मी त्रिपाठींचं पुस्तक परकं वाटायचं कारणच नाही.

त्यात ठाण्यातलं घर आहे, लहानपणीचं आजारपण आहे, नाचायची हौस, बायकी म्हणून चिडवणं, अगदी लहान वयात झालेले लैंगिक अत्याचार आहेत (ती पानं मी दोन बैठकीत वाचली, एका दमात वाचवली नाहीत), हिजडा समाजातलं गुरू-चेल्याचं नातं आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आईवडिलांनी तिला घराबाहेर काढलं नाही, हे खरं तर आईबापांनीच वाचायला हवं. लग्न लावून दिलं की होईल सगळं नीट असं समजून केलेलं एक लग्न माझ्याच नात्यात झालंय, दोघांचीही आयुष्यं गेली त्यात, मुलाचं तर गेलंच पण त्या मुलीचं काय चुकलं होतं.

तमिळमधल्या लिव्हिंग स्माइल विद्यांचं 'आय ॲम विद्या' तर आपल्या अगदी जवळचं आहे. भाषाशास्त्रात एमए झालेली ही व्यक्ती घर सोडून पुण्यात आली, तृतीयपंथीयांमध्ये राहिली आणि रेल्वेत भीक मागत होती. म्हणजे आपण ज्या गाडीत बसतो तीच गाडी, टाळी वाजली की आपण खिडकीबाहेर बघायला लागतो, आणि हे पुस्तक वाचलं की कळतं टाळी वाजवणाऱ्याला तो डबा कसा दिसत असेल. त्यावरून निघालेल्या कन्नड सिनेमातल्या नटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळनाडूतल्या तृतीयपंथी ए. रेवतींनी आधी आपल्यासारख्या इतरांच्या कहाण्या गोळा करून छापल्या आणि मग स्वतःची सांगायचा धीर केला, ते 'द ट्रुथ अबाउट मी' २०१० चं. आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना अँड्र्यू हॉजेसने लिहिलेलं ॲलन ट्युरिंगचं चरित्र वाचायला सांगा, कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्या माणसाला १९५२ मध्ये फक्त पुरुषाशी संबंध ठेवले म्हणून कोर्टात उभं केलं, दोन वर्षांत तो गेला, आणि ब्रिटनच्या राणीने मरणोत्तर माफी दिली ती २०१३ ला.

आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ ला तृतीयपंथीयांचा स्वतःची ओळख ठरवायचा हक्क मान्य केला, ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध समलैंगिकतेला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले, एवढं होऊनही आमच्या कमिटीतले एकजण मला म्हणतात की बाई, मुलांवर परिणाम होईल. मी त्यांना विचारलं, 'उचल्या' वाचून आजवर कुणी चोरी शिकलं का? उलट एका अख्ख्या समाजावर चोरीचा शिक्का कसा मारला ते आपल्याला कळलं. ते गप्प बसले, पण कुलूप काही निघालं नाही. मी पुढच्या मीटिंगला परत विषय काढणार आहे.

तुमच्या पेपरात पुस्तकाचं नाव छापून आलं की कमिटी ऐकते, हा माझा अनुभव आहे, म्हणून पुढच्या लिस्टमध्ये ही पुस्तकं घ्या आणि ती वेगळ्या चौकटीत नकोत, इतर आत्मचरित्रांच्या ओळीतच द्या. शिवाय प्रत्येकासमोर प्रकाशक, किंमत आणि कोणत्या भाषेत मिळतं तेही द्या, आमच्यासारख्या गावातून पुस्तक मागवायचं तर तेवढं लागतंच.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा जिल्हा