खिडक्या गिळणारा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराचं कारण आळस, दुसरं काही नाही. पण शेवटी मारलेला तुझा टोमणा तेव्हापासून डोक्यात घोळतोय: "तुमचं सिम्युलेशन म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं." सिम्युलेशन, म्हणजे न बांधलेल्या इमारतीतलं ऊन, वारा, वीज यांचा आम्ही संगणकावर मांडतो तो हिशेब. टोमणा ऑफिसात चारजणांना वाचून दाखवला. सगळे हसले, मीही हसलो. घरी पोचेपर्यंत माझं हसू मावळलं, कारण बहुतेक वेळा होतं तसंच.

प्लॅन ठरलेला असतो, एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचं रूप, क्लायंटच्या पसंतीला उतरलेलं असतं, आणि मग आम्हाला बोलावणं येतं. "जरा एनर्जी मॉडेल करून द्या, सर्टिफिकेटला लागेल." तोवर इमारत पश्चिमेकडे तोंड करून बसलेली. मजला ३० मीटर रुंद, म्हणजे मधल्या माणसांच्या डोक्यावर दिवसभर दिवे. शेजारच्या इमारतीशी किती अंतर राखायचं तेही पक्कं. ज्यांनी खरा फरक पडला असता त्या सगळ्या गोष्टी हातच्या गेलेल्या. उरते भिंतीतल्या इन्सुलेशनची जाडी आणि काचेचा प्रकार. मग त्या दोघांवर आम्ही रनमागून रन लावतो, म्हणजे तोच हिशेब संगणकाकडून पुन्हा पुन्हा करवून घेतो, लाल-निळे नकाशे छापतो, अहवाल जाडजूड होतो. तू पत्रिका म्हणालास ते सभ्यपणाचं झालं.

पण म्हणून पत्रिका बघूच नये, हा तुझा निष्कर्ष मला मान्य नाही. आधी बघावी. पेन्सिल जाड आहे, कागद पिवळा आहे, अजून काहीच ठरलेलं नाही, तेव्हा.

माझी एक फजिती सांगतो, तुला बरं वाटेल. ग्रासहॉपर तुला ठाऊक असेल. डेव्हिड रटननं २००७ च्या सुमाराला आणलेलं, ऱ्हायनो या त्रिमितीय चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारं. डब्यांना वायरी जोडायच्या आणि स्लायडर सरकवला की आकार बदलतो. मी त्याला मागून एनर्जीप्लस हा ऊर्जेचा हिशेब करणारा प्रोग्राम जोडला, खिडक्यांच्या रुंदीला, छज्जा किती पुढे यावा त्याला आणि इमारतीच्या कोनाला स्लायडर दिले आणि जेनेटिक अल्गोरिदमला सांगितलं, वर्षाची ऊर्जा कमीत कमी करून दाखव. म्हणजे आधी पन्नास इमारती वाटेल तशा काढायच्या, त्यातल्या बऱ्या निवडायच्या, त्यांचे गुण एकमेकींत मिसळायचे, मधूनच थोडा बदल घुसवायचा, आणि पुढची पिढी. संध्याकाळी रन लावून निघून गेलो.

सकाळी स्क्रीनवर खोकं होतं. चारही बाजूंना खिडक्या मी घातलेल्या किमान मर्यादेवर येऊन टेकलेल्या, बारीक फटी. अल्गोरिदमनं खिडक्या अक्षरशः गिळल्या होत्या. आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग मॉडेल उघडून बसलो. तासाभरानं सापडलं: बाहेर ऊन आलं की आतले दिवे मंद होतात, ही सोय मी जोडलीच नव्हती. मॉडेलच्या दृष्टीनं दिवे सकाळी पूर्ण पेटतात आणि संध्याकाळी विझतात, बाहेर काहीही असो. मग खिडकीचा उपयोग काय? नुसती उष्णता आत सोडणारं भोक. त्यानं ते बुजवलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं ते अगदी बरोबर उत्तर होतं.

तेव्हापासून मी एकाच आकड्यामागे लागत नाही. ऊर्जा आणि उजेड, दोन्ही एकदम मागतो. उजेडासाठी रूढ मापही आहे: वापराच्या तासांपैकी निम्म्या वेळी तरी नुसत्या दिवसाच्या उजेडानं टेबलावर ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं एकक) पडले पाहिजेत, आणि मजल्याचा किती भाग त्यात पास होतो ते मोजायचं. दोन मागण्या आल्या की एक उत्तर येत नाही, उत्तरांची रांग येते: इथे ऊर्जा थोडी जास्त पण उजेड भरपूर, तिथे उलट. रांगेतल्या कुठल्याही पर्यायात एक गोष्ट सुधारायला गेलास की दुसरी बिघडते. अशा रांगा शोधायची जगभर वापरली जाणारी एक पद्धत, एनएसजीए-टू, आपल्या आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये मांडली. रांग यंत्र देतं. तिच्यातलं कुठलं घर बांधायचं ते ठरवायला तुझ्यासारखा हट्टी माणूस लागतो.

उजेडावरून आठवलं. रेडियन्स नावाचा प्रोग्राम आहे, ग्रेग वॉर्डनं १९८० च्या दशकात बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिहायला घेतलेला. आजही उजेडाची बरीचशी गणितं त्यावरच उभी आहेत. त्यात किरण सूर्यापासून निघत नाही, तुझ्या डोळ्यापासून निघतो. डोळ्यातून उलटा मागे जातो, टेबलावर आपटतो, भिंतीवर, छतावर, आणि शोधत शोधत खिडकीतून आकाशाला भिडतो. कारण सरळ आहे: सूर्याच्या बहुतेक किरणांचा तुझ्या डोळ्याशी संबंधच नसतो, मग त्यांचा हिशेब कशाला करायचा? पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला कॉलेजातल्या सगळ्या फिजिक्सपेक्षा जास्त मजा आली होती.

आता हवामानाच्या फाइलीबद्दल. यावर मी पूर्वीही तुझं डोकं खाल्लंय, पण पुन्हा खातो. ऊर्जेचं कुठलंही मॉडेल वर्षाच्या ८७६० तासांची फाइल मागतं: तापमान, दमटपणा, ऊन, वारा. हे वर्ष बहुधा कधी घडलेलंच नसतं. बऱ्याच वर्षांच्या नोंदींतून सगळ्यांत सर्वसाधारण जानेवारी एका सालातून उचलायचा, फेब्रुवारी दुसऱ्या, मार्च तिसऱ्या, आणि बारा महिने शिवून एक गोधडी तयार करायची. सर्वसाधारण वर्षाच्या खर्चासाठी ती ठीक. पण उष्णतेची लाट निवड करतानाच गळते, आणि नोंदी तर मागच्या काळातल्या. आपण इमारत बांधणार पुढची ५०-६० वर्षं उभी राहायला आणि तिची परीक्षा घेणार गेलेल्या काळातल्या समजूतदार हवामानावर! म्हणून मी आता दोन रन जास्त लावतो. एक, नोंदीतल्या खरोखरच्या सगळ्यांत तापलेल्या वर्षाचा. दुसरा, त्याच वर्षातल्या वाईट आठवड्यात वीज गेली असं धरून: एसी बंद, पंखे बंद, आत माणूस किती तास तग धरेल? या दुसऱ्या रनपुढे काचेच्या देखण्या इमारतींची बोबडी वळते, आणि तुझ्या त्या खोल छज्जांच्या, आरपार वाऱ्याच्या, "जुनाट" प्लॅनना चांगले मार्क मिळतात. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

वाऱ्याचं काम सगळ्यांत फसवं. हवेचे लाखो लहान डबे कल्पायचे आणि प्रत्येकात प्रवाहाची समीकरणं सोडवायची. रात्र रात्र जाते. एकदा माझ्या मॉडेलमध्ये दोन इमारतींमधल्या चौकात अशी सुंदर झुळूक आली की मी ते चित्र मोठं करून भिंतीवर लावलं. आठवड्यानं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं चहाचा कप हातात धरून ते पाहिलं आणि विचारलं, "आजूबाजूला हवेची जागा किती सोडलीयेस?" मी वेळ वाचवायला मॉडेलचा खोका इमारतींना जवळजवळ चिकटवला होता. रूढ नियम असा, की सगळ्यांत उंच इमारतीच्या मागे, वारा जातो त्या बाजूला, तिच्या उंचीच्या १५ पट तरी मोकळी जागा सोडायची आणि बाजूंनाही ऐसपैस. माझ्या खोक्यात वाऱ्याला बगल द्यायला वावच नव्हता, म्हणून तो चौकातून जोरात घुसत होता. खोका मोठा केला, झुळूक गेली. चित्र उतरवलं, पण चिकटपट्टीचे डाग भिंतीवर अजून आहेत.

एका इमारतीपुरतं हे हसण्यावारी नेता येतं, शहराचं तसं नाही. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्स या श्वसनरोगाची साथ येऊन गेली, आणि दाटीत हवा खेळते का हा प्रश्न थेट नगररचनेत शिरला. २००६ पासून तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी हवा कशी वाहील याचं मूल्यमापन सुरू झालं. माप साधंच: जमिनीपासून २ मीटरवर, म्हणजे चालत्या माणसाच्या उंचीला, किती वारा पोचतो आणि वर जिथे काही अडथळा नाही तिथे किती, त्यांचं गुणोत्तर. भिंतीसारख्या सलग उभ्या इमारतींना फटी का हव्यात, हे या एका आकड्यानं बैठकीत सांगता येतं. नाहीतर "हवा यायला पाहिजे हो" म्हणून कोण ऐकतं? जर्मनीतल्या श्टुटगार्टचं तर आणखी जुनं. शहर वाटीत वसलेलं, वारा कमी. तिथल्या महापालिकेनं १९३८ मध्येच हवामानशास्त्रज्ञ नेमला होता. रात्री टेकड्यांवरून उतरणाऱ्या गार हवेच्या वाटा नकाशावर आखायच्या आणि त्यांच्यावर बांधू द्यायचं नाही, ही तिथली रीत. म्हणजे प्रश्न आधी होता. गणकयंत्र नंतर त्याच्या मदतीला आलं.

याच्या उलट लंडनमधली फेनचर्च स्ट्रीटवरची ती उंच, फुगीर इमारत. तिचा काचेचा दर्शनी भाग आत वळलेला, आरशासारखा. २०१३ च्या उन्हाळ्यात त्या वळणानं ऊन खालच्या रस्त्यावर एकवटलं आणि तिथे उभ्या केलेल्या गाडीचे भाग वितळले. पुढे काचेवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. सूर्य त्या दिवशी काही नव्या वाटेनं आला नव्हता.

डिजिटल ट्विनबद्दल, म्हणजे शहराच्या संगणकातल्या जुळ्या प्रतिकृतीबद्दल, विचारलं होतंस. पडद्यावर आख्खं शहर गरागरा फिरतं, पाहुणे टाळ्या वाजवतात. पाण्याच्या गळतीची किंवा छतांवरच्या सोलरची खरी नोंद त्यात रोज भरत असेल तर उत्तम. मी पाहिले त्यातले बरेच नुसतेच फिरत होते.

"हातानं काम करणाऱ्याला हे परकं" असं लिहिलंयस, त्यावर एकच. स्पेनचा वास्तुविशारद गाउदी यानं बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी काय केलं आठव. छतावरून दोऱ्या उलट्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या लावल्या. एक पिशवी जड केली की सगळं जाळं आपोआप नव्या तोलात बसायचं, आणि उलटं पाहिलं की कमानी. तो स्लायडरच होता, दोरीचा. त्याच जातीचं गणित वापरून झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ मध्ये व्हेनिसला चुनखडीच्या ३९९ तुकड्यांची कमान उभारली: ना चुना, ना सळी, आणि कुठे कुठे जाडी फक्त ५ सेंटिमीटर. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. तेव्हा स्लॅब कमी जाड, कॉलम थोडे जवळ, एवढंसुद्धा पहिल्या स्केचमध्ये तपासून घेतलं तर पुढच्या सगळ्या हिशेबांपेक्षा जास्त पदरात पडतं.

आणि शेवटी माणसं. आम्ही उजेडाचं सगळं गणित चोख बसवलेल्या एका ऑफिसात वर्षभरानं गेलो. पडदे खाली, दिवे चालू. एका टेबलापाशी खिडकीच्या काचेवर, तिरकं, एक जुनं कॅलेंडर चिकटवलेलं होतं. बसणाऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "साडेनऊला ऊन बरोबर स्क्रीनवर येतं. पडदा ओढला तर सगळ्यांचाच उजेड जातो, म्हणून हे." मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. कॅलेंडरची जागा इतकी अचूक होती की मला माझ्या छज्जाची लाज वाटली. आम्ही ३०० लक्स मोजले होते, डोळ्यांत येणारी तिरीप मोजलीच नव्हती. आता मोजतो, प्रत्येक मॉडेलमध्ये एक डोळा त्या खुर्चीच्या उंचीवर ठेवतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: वायरी जोडायला शिकलास तर छान, नाही शिकलास तरी चालेल, ते मी करतो. पण नव्या कामाचा प्लॅन पक्का करू नकोस. साइटचा नकाशा, आजूबाजूच्या इमारतींच्या अंदाजे उंच्या, आणि तुझ्या त्या जाड पेन्सिलीनं काढलेली तीन-चार ठोकळ्यांची चित्रं पाठव, तेवढं पुरे. दोन दिवसांत सावल्या आणि वारा ढोबळमानानं कळवतो. तू भांड, मी पुन्हा रन लावतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ड्रॉइंग हॉलमधला शेजारी

ता. क. नकाशावर उत्तर दिशा दाखव. मागच्या वेळी दाखवली नव्हतीस, आणि मी तुझं आख्खं घर उलटं तापवलं होतं.