केळं किरणोत्सारी आहे, जपून खा!

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वस्तूंवरच्या गमतीशीर इशाऱ्यांचा मजकूर वाचला. हेअर ड्रायरवर 'झोपेत वापरू नये' असं छापणाऱ्या माणसाला एकदा भेटायला आवडेल. फिजिक्सवाले इशारे मात्र त्यात अगदीच थोडे होते, म्हणून हे पत्र. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आणि चोपड्यात वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान सांभाळतो. डिग्रीचा उपयोग काय, असं घरात अजून विचारतात. जो काही आहे तो मी स्केचपेनने लिहून दुकानात चिकटवला आहे.

युरियाच्या थप्पीवर कागद आहे: 'सावधान! दीपनगर वीजकेंद्राचे 500 मेगावॅटचे दोन्ही संच सव्वाशे वर्षं रात्रंदिवस चालले तर जेवढी वीज होईल, तेवढी ऊर्जा या 45 किलोच्या एका गोणीत आहे. हळू उतरवा.' हिशोब आइनस्टाइनच्या सूत्राचा, ज्याला शंका असेल त्याने कॅल्क्युलेटर घेऊन यावं. फक्त ती ऊर्जा मिळायला गोणी कणाकणाने पूर्ण नाहीशी व्हावी लागते. (हंगामात गोण्या नाहीशा होतात, पण ते सूत्र वेगळं.) एका आबांनी हा कागद सावकाश वाचला आणि विचारलं, "मंग हाई लोडशेडिंग कसाले करतस भो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काउंटरवर लिहिलंय: 'येथील प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाला स्वतःकडे ओढते. दुकानदार जबाबदार नाही.' साठ किलोच्या माणसाला मीटरभर अंतरावरची गोणी जेमतेम 18 मायक्रोग्रॅम वजनाएवढ्या जोराने ओढते. डाससुद्धा याच्या शंभरपट भरेल. उधारीची वही मात्र माणसाला दूर ढकलते, ते न्यूटनच्या नियमात बसत नाही.

सगळ्यात गाजला तो केळीचा कागद. 'हे फळ किरणोत्सारी आहे' एवढंच वर, मोठ्या अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत खुलासा: केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला दहा हजारांत एखादा अणू पोटॅशियम-40 या किरणोत्सारी प्रकारचा असतो, आणि एका केळ्यात दर सेकंदाला असे चौदा-पंधरा अणू फुटतात. आमच्याकडची पोटॅशची (पोटॅशियमच्या खताची) 50 किलोची गोणी घ्या, तिच्यात सेकंदाला साडेसात लाखांवर फुटतात. भिण्याचं कारण नाही. आपल्याच अंगातल्या पोटॅशियममुळे सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटतात, म्हणजे एस.टी.त शेजारी बसलेला पाहुणा त्याच्या पिशवीतल्या केळ्यांपेक्षा जास्त किरणोत्सारी असतो. जादा केळी खाल्ली तरी निरोगी शरीर जादा पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतं. हे सगळं खाली लिहिलेलं असूनही एका केळी व्यापाऱ्याने तो कागद काढायला लावला. "आधीच भाव नाही, त्यात तुझं हे!" मी दोन दिवसांनी परत लावला.

आता मुद्द्याचं. हे कागद लोक उभं राहून वाचतात, हसतात, पोराला बोलावून दाखवतात. त्याच काउंटरमागे कीटकनाशकाच्या बाटल्या आहेत. प्रत्येकीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग ते विष किती जहाल आहे ते सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे प्रयोगातल्या प्राण्यांना तोंडावाटे दिलं तर वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेतच त्यातले निम्मे दगावतात. हे 1971 च्या कीटकनाशक नियमांपासून चालत आलंय. आणि माझ्याकडे येणारे? लाल बघितला की 'हे जोरदार दिसतंय, हेच द्या.' हिरवा म्हणजे पीक हिरवं करणारं. आतलं माहितीपत्रक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं, ते माझ्याच्याने भिंगाशिवाय वाचवत नाही, मग साठीच्या माणसाला काय दिसणार? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली. त्या बाटल्यांवरही इशारे छापलेलेच असणार.

कंपन्या अक्षरं मोठी करतील तेव्हा करतील. तोवर आपल्याकडे रंगीत पान आहे. कपाशीवर फवारणी सुरू होते त्या दिवसांत, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या आवृत्तीत, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हे चार रंग आणि त्यांचा अर्थ रोज छापा. खाली एक विनोदी इशारा टाका म्हणजे नजर तिथे थांबेल. ते मी पुरवीन, मानधन नको. पहिला आत्ताच घ्या: 'वारा कुठे चाललाय हे या औषधाला कळतं. फवारणाऱ्याने निदान तेवढं शिक्षण घ्यावं.'

आपला वाचक,
एक कृषी केंद्रचालक, चोपडा (जि. जळगाव)