मेजर, आम्हाला माघारी फिरवलंत म्हणून

मेजर, सादर नमस्कार.

तुमचं खरं पद सुभेदार. पण साताऱ्याकडे फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, आणि आम्ही १४ जणांनीही मनालीजवळच्या सोलंगपासून तेच चालवलं. परतीच्या गाडीत मी तुमच्याशी धड बोलले नाही. दीड वर्ष पैसे साठवून, रजा जुळवून बर्फातल्या ट्रेकला आले होते. धुंदीच्या पुढे जेमतेम दोन तासांवर तुम्ही सगळ्यांना मागे वळवलंत आणि मी रुसले. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे.

दोन दिवस कोसळून बर्फ थांबला होता, लख्ख ऊन पडलं होतं. आम्हाला वाटलं, हवा उघडली, आता निघायचं. तुम्हाला नेमकी तीच सकाळ खटकत होती. नवा बर्फ अजून बसलेला नव्हता, त्यात रात्रभर वाऱ्याने पलीकडचा बर्फ उचलून आमच्या बाजूच्या उतारावर आणून टाकला होता. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा तुम्ही आदल्या रात्री वाचून दाखवला होता. आम्ही ऐकला आणि झोपलो.

मी १५ वर्षं सह्याद्रीत हिंडते. हरिहर झाला, अलंग-मदन-कुलंग झाले. आपल्याकडे दृष्टीभय माणसाला जपतं. खाली दरी दिसली की पाय आपसूक सांभाळून पडतो. त्या उतारावर दृष्टीभय नव्हतंच. पोरं घसरगुंडी खेळतील असा दिसत होता. तुम्ही मापून दाखवलात: ३६ अंश. बर्फाचे थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरूनच सुटतात, त्याहून उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही, पडतापडताच झडून जातो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझी सगळी भीती पायाखाली बघायला शिकलेली, आणि तिथे बघायचं होतं डोक्यावर.

तरी मी वाद घातला. तुम्ही आवाज चढवला नाहीत, फावडं काढलंत. बाजूच्या सुरक्षित, लहानशा उतारावर खड्डा खणून ३० सेंटिमीटर रुंदीचा खांब मोकळा केलात, वर फावड्याचं पातं ठेवून थापट्या मारायला लागलात. मनगटातून दहा. मग कोपरातून. तिसऱ्या थापेला वरचा अख्खा थर कपाटाचा खण ओढावा तसा पुढे सरकला. त्याखालचे दाणे माझ्या हातमोज्यावर ठेवून म्हणालात, “वळा बघू लाडू.” जाड साखरेसारखे, पैलू पडलेले दाणे. कितीही दाबले तरी वळेनात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खाली जमीन ऊबदार आणि वर कडाक्याची थंडी. मधून वाफ चढत राहते आणि दाणे असे सुटे होतात. मार्चचा सगळा भार त्या डिसेंबरच्या रव्यावर उभा होता.

कुणीतरी म्हणालं, आम्हाला अनुभव आहे. तेव्हा तुम्ही ऑक्टोबर २०२२ मधल्या द्रौपदी का डांडा शिखरावरच्या हिमस्खलनाची आठवण काढलीत. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी, सोबत कसलेले उस्ताद. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेल्या सविता कंसवालही त्यात गेल्या. मग कुणी बोललं नाही. उतरताना एकेकाने जायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, हे तुम्ही शेवटच्या माणसापर्यंत पाळायला लावलंत.

लोक विचारतात, मग तो उतार खाली आला का? आमच्यादेखत तरी नाही. पण तो दाणा मी हातात घेतलाय, मेजर, आणि माझी लेक तेव्हा सहावीत होती.

कॅम्पवर तुम्ही पुरलेला बीकन (बर्फाखालच्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं, अंगावर बांधायचं यंत्र) शोधायला मला ११ मिनिटं लागली होती. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि त्यातच फावड्याने उकरायचंही असतं. बाहेरची मदत इतक्यात पोचत नाही, शेजारचाच वाचवतो, असं सांगून तुम्ही अंधार पडेपर्यंत तालीम घेतलीत. हल्ली दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही सिंहगडाच्या पायथ्याला गवतात बीकन लपवून शोधतो. येणारेजाणारे थांबून बघतात. परवा मला चार मिनिटं लागली.

पुण्याला आलात तर उतरायला घरीच या. येताना तालमीची वेळ मोजायचं ते तुमचं घड्याळ आणा.

तुमची,
१४ जणांतली ती भांडखोर