सांगलीच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

रोज इतके नमुने तुमच्याकडे येतात, त्यात आमची पोरगी लक्षात असेल-नसेल. चार वर्षांची. ताप हटेना, पाय दुखतात म्हणून कडेवरून उतरेना, नडगीवर दाबूनही न जाणारे बारीक लाल ठिपके. आमच्या तासगावकडे ऑक्टोबर छाटणीची धांदल, त्यात गावात डेंग्यू. प्लेटलेट ३८ हजार म्हटल्यावर सगळ्यांनी डेंग्यूच धरला. आईनं तर पपईच्या पानांचा रसही सुरू केला. पांढऱ्या पेशी नऊ हजार, म्हणजे नॉर्मल. त्यातल्या लिम्फोसाइट तेवढ्या जास्त.

तुमच्या मशीननंही आकडे तेच दिले, फक्त शेजारी शंकेची खूण केली. तेवढ्यावर तुम्ही लिशमन स्टेन करून, म्हणजे पेशी रंगवून, स्लाइड स्वतः पाहिलीत, मला बोलावून घेतलंत आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावलात. द्राक्षबागायतदाराला हे दाखवत कोण बसतं? आधी साधी लिम्फोसाइट दाखवलीत: गडद, गुठळ्या-गुठळ्यांचं केंद्रक. मग शेजारची मोठी पेशी. तिचं केंद्रक बारीक रव्यासारखं, फिकट जांभळं, जवळजवळ अख्खी पेशी व्यापलेलं. भोवती निळी कड असून नसल्यासारखी. या ब्लास्ट, म्हणालात, म्हणजे अजून कच्च्या पेशी, यांची जागा हाडाच्या मगजात, रक्तात नाही.

नुसत्या दिसण्यावरून आजाराचा प्रकार ठरत नाही, बोन मॅरो (मगजाची तपासणी) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी) लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट केलंत. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे, पायदुखीसाठी कुणी लिहून दिलेलं स्टेरॉइडचं सिरप माझ्या पिशवीतून काढून बाजूला ठेवलंत. "मॅरो होईपर्यंत थेंबही नको. ब्लास्ट कमी होतील, ताप उतरेल आणि आजार लपून बसेल." मुंबईला टाटात पोचलो तर पहिल्या काही प्रश्नांतच विचारलं, स्टेरॉइड दिलंय का? 'नाही' म्हणताना तुमची आठवण झाली.

बी-सेल एएलएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. सुरुवातीचे महिने कसे गेले ते लिहीत नाही. आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणूनचे पुढचे औषध, चालू आहे: रोज सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. डोस सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघून ठरतो, त्यामुळे तुमच्याकडे येणं राहणारच. सुईला ती आता रडत नाही, पण कुठल्या हाताचं रक्त घ्यायचं यावरून तुमच्या टेक्निशियन दादांशी भांडते, तेवढं सांभाळून घ्या.

आपला,
तासगाव तालुक्यातला एक बाप